शालन निकमची खबर

शिवरात्रीच्या जत्रेत लोक देवाला जातात, पाळण्यात बसतात, शेव-चिरमुरे खातात. मी त्या वर्षी सकाळपासून एकच काम करत होते. परगावाहून आलेला माणूस दिसला की त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची आणि विचारायचं, "शालन निकम सध्या कुठं असते, ठाऊक आहे का?"

परगावाहून आलेली माणसं आमच्या नागझरीच्या जत्रेत मोप. गाव गलाईवाल्यांचं. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, ती गलाई. माळरानावर फारसं पिकत नाही म्हणून निम्मं गाव भट्टी आणि धातू वितळवायच्या मुशी घेऊन देशभर पांगलेलं. कुणी अमृतसरला, कुणी हुबळीला, कुणी पार केरळात. वर्षातनं एकदा, शिवरात्रीला, ही माणसं परत यायची. बोटांत अंगठ्या, बोलण्यात परक्या भाषेतले चार शब्द आणि बरोबर गावाकडं टकामका बघणारी पोरं.

त्यांतला एक म्हणाला, निकम त्रिशूरला आहेत. दुसरा म्हणाला, त्रिशूरचं दुकान उठवून दोन वर्षं झाली, आता कुठं गेले देव जाणे. तिसऱ्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं की परवाच मी निकमच्या घरी जेवलो, पोरगी झकास आहे, तिला दोन मुलं झाली. शालन माझ्याच वयाची, सोळाची. तो भलत्याच निकमबद्दल बोलत होता, हे कळायला मला अर्धा तास लागला. शेवटी शालनच्या चुलत्याचं दार ठोठावलं. काकू म्हणाली, भावाभावांचं वाटणीवरनं फाटलंय, त्या माणसांचं नाव या घरात काढायचं नाही. मी एवढंसं तोंड करून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी आमचा, दहावीच्या वर्गाचा, निरोप होता. आणि त्यात मला शालनची खबर द्यायची होती.

हे जरा फोडून सांगते. बाकीच्या शाळांत निरोपाला भाषणं होतात, मुली रडतात, वर्ग शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देतो. आमच्या हायस्कुलात यातलं काही नव्हतं. आमच्याकडे शेवटची हजेरी असायची. शाळा काढली त्या पहिल्या हेडमास्तरांनी घालून दिलेली रीत. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, बरोबर बारा वाजता, दहावीचा वर्ग हॉलमध्ये पुढं बसायचा, मागं सगळी शाळा, आणि वर्गशिक्षक हजेरी घ्यायचे. पण ती दहावीच्या पटावरून नव्हे, पाचवीच्या. पाचवीला ज्या पोरांनी या शाळेत पहिलं पाऊल टाकलं त्या सगळ्यांची नावं पुकारायची. मधल्या काळात कोण नापास झालं, कोण गाव सोडून गेलं, कुणाचं लग्न लावून दिलं, ते काही बघायचं नाही. आलेल्यानं हजर म्हणायचं. नसलेल्याचा पाचवीतला बाकावरचा जोडीदार उठायचा आणि त्याची खबर द्यायचा. कुठं आहे, काय करतो, बरा आहे ना. खबर दिली की बसायचं. खबर नसेल तर हजेरी संपेपर्यंत उभं राहायचं.

कुणी रागवायचं नाही, छडी मारायचं नाही. नुसतं उभं राहायचं. पण आमच्या गावाला तेवढं पुरे. दत्तू साळुंखे आमच्या तीन वर्षं आधी असा उभा राहिला, तर गाव त्याला कायमचं उभा दत्तू म्हणायला लागलं. पुढं त्याचं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांना घर विचारताना हेच नाव घ्यावं लागलं.

नुसत्या नावाचीच भीती असती तर मी तोंडाला फेस येईपर्यंत जत्राभर हिंडले नसते. शालनची खबर माझ्याकडे का नाही, हे हजेरी घेणाऱ्या सातपुते बाईंनी विचारलं असतं. आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

पाचवी ते सातवी आम्ही दोघी एका बाकावर. खिडकीकडचा दुसरा बाक. शालन हुशार होती. म्हणजे घोकून घोकून होतात तशी नव्हे, तिला गणित नुसतं बघून यायचं. पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. पाचवीला तसंच, सहावीला तसंच, सातवीलाही तसंच. निकालाच्या दिवशी आई माझं प्रगतीपुस्तक बघायची आणि म्हणायची, त्या निकमाच्या पोरीच्या पायाचं तीर्थ घे जरा. शालनचा यात काय दोष? ती उलट माझ्या पेनातली शाई संपली की आपलं पेन उघडून माझ्या पेनात थेंब थेंब ओतायची. आमचा बाक त्या थेंबांनी निळा झाला होता. पण मी तिची शाई घ्यायची आणि मनात जळायची. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

सातवीच्या सुट्टीत तिच्या वडलांनी त्रिशूरला दुकान टाकलं आणि घरदार हलवलं. सगळा वर्ग तिला एसटीवर सोडायला गेला. मी पोटात दुखतंय म्हणून अंथरुणात पडून राहिले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. आठवीला माझा पहिला नंबर आला आणि आईनं गल्लीत पेढे वाटले.

तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते वाचून दप्तरात ठेवलं. उद्या उत्तर लिहू म्हटलं. दुसरं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की इथं भाषा येत नाही म्हणून मला पाचवीत बसवलंय, बारकी पोरं हसतात, घरी तरी मराठी वाचीन, तर आठवीचं मराठीचं पुस्तक पाठव. गावात पुस्तकाच्या दुकानात ते मिळत होतं. मी रोज त्या दुकानावरून शाळेत जात होते. तिसरं नुसतं कार्ड होतं, त्यावर एकच ओळ, 'रत्ना, तू बरी आहेस ना?' त्याचंही उत्तर मी दिलं नाही. कारण तोवर इतके दिवस झाले होते की आता काय तोंडानं लिहायचं, हाच प्रश्न होता. मग पत्रं थांबली.

जत्रेतून हात हलवत परत येत होते, तर पाळण्याजवळ हिंदुराव बाबर भेटला. हा आमचा मॉनिटर. आवाज मोठा, अक्कल बेताची, मन मात्र लोण्याचं. माझी पायपीट त्यानं सकाळपासून बघितली होती. त्यानं भज्यांचा कागद माझ्यापुढं केला आणि तोडगा सांगितला. म्हणाला, त्रिशूरला आहे, दहावीला बसली आहे, बरी आहे, असं सांगून मोकळी हो, त्रिशूरला कोण बघायला जातंय?

मी त्याला झापलं. आणि घरी जाताना वाटेत तीच वाक्यं तीनदा म्हणून बघितली. चांगली जमत होती.

निरोपाच्या दिवशी सकाळी आई माझी वेणी घालत होती आणि तोंडानं तिच्या भावाचा उद्धार चालला होता. माझा बंडामामा अमृतसरला गलाईत. दिवाळीला आला नाही, भाऊबीज बुडाली. आता जत्रेलाही आला नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. आई चार दिवस त्याच्या नावानं बोटं मोडत होती. त्या रागातच तिनं माझी रिबन इतकी ओढून बांधली की माझे डोळे तिरपे झाले. मग शाळू काढायला रानात गेली. बारापर्यंत तुझ्या कार्यक्रमाला येते म्हणाली.

हॉलमध्ये पताका लावल्या होत्या. टेबलावर बुंदीच्या लाडवांची परात, वर वर्तमानपत्र झाकलेलं. सातपुते बाई पाचवीला आमच्या वर्गशिक्षिका होत्या आणि योगायोगानं दहावीलाही त्याच. त्यांनी कपाटातला पाचवीचा पट आणला. पुठ्ठ्याला वाळवी लागली होती. त्यांनी तो झटकला, चष्मा लावला आणि पाचवीला लावायच्या त्याच सुरात पुकारायला लागल्या.

पहिलंच नाव हिंदुरावचं. त्यानं असं हजर म्हटलं की तुळईवरच्या चिमण्या उडाल्या. हॉल हसला आणि सगळ्यांचा ताण गेला. मग नावामागून नाव. प्रत्येक नावासरशी कुणाला तरी काही आठवायचं आणि बाई ते चालू द्यायच्या. सहावीत सहलीला डब्यातून विंचू निघालेला, आठवीत इन्स्पेक्टर आले तेव्हा एक जण फळ्यामागं लपलेला, सगळं निघालं.

कांता भिंगारदेवेचं नाव आलं. ती नववीला नापास झाली होती, म्हणून मागं नववीच्या पोरींत मान खाली घालून बसली होती. मागून बारीक आवाजात हजर असं आलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, पुढं ये, तू यांच्यातलीच आहेस. कांता पोरींच्या रांगा ओलांडत आली आणि आमच्यात बसली. आम्ही सरकून तिला जागा केली.

मग तानाजी देवकर. तो सहावीत हुबळीला गेलेला. त्याचा जोडीदार बाबू गुरव उठला आणि म्हणाला, तानाजी बरा आहे, कानडी फाडफाड बोलतो, भट्टीवर बसतो आणि त्यानं निरोप दिलाय की सहावीत माझी कंपासपेटी ज्यानं घेतली त्यानं ती आता तरी द्यावी. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग हिंदुराव सावकाश उभा राहिला. "माझ्याकडं हाय," म्हणाला, "पण त्यातला कोनमापक तेवढा राहिलाय." बाईंनासुद्धा हसू आवरेना.

सदा लोहारचा जोडीदार इस्लामपूरला राहायला गेला होता. सदा उठून म्हणाला, मी खबर आणायला सायकलनं इस्लामपूरला गेलो, तर तो म्हणाला, खबर काय नेतोस, मलाच ने. आणि दाराकडं बोट दाखवलं. दारात तो जोडीदार खरंच उभा होता. दोघं चार तास डबलसीट आले होते, धुळीनं माखलेले.

तो टाळ्यांचा कडकडाट चालला असताना मी दाराकडं बघत राहिले. वाटलं, शालनही अशीच येईल. वेडेपणा, दुसरं काय. दारात पुढं कुणी आलं नाही. माझी पाठ केलेली वाक्यं मात्र तोंडात कडू लागायला लागली. एक पोरगा खबरीसाठी चाळीस मैल सायकल मारतो आणि मी पुस्तकाच्या दुकानात शिरले नाही.

"शालन निकम."

मी उठले.

"शालन त्रिशूरला आहे, बाई," मी म्हणाले. पुढचं वाक्य दहावीला बसलीय असं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि अडकलं. हिंदुराव पुढच्या रांगेतून मला डोळ्यांनी खुणावत होता, बोल, बोल. मी त्याच्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि म्हणाले, "नाही बाई. ती कुठं आहे मला ठाऊक नाही."

"पत्र नाही आलं तिचं?"

"आली होती. तीन."

"मग?"

"मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तिनं मराठीचं पुस्तक मागितलं होतं, तेही पाठवलं नाही. ती गेली म्हणून मला पहिला नंबर मिळाला, बाई. ते मला आवडलं होतं."

मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील. त्यांनी पटावर बोट ठेवलं, माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. उभी राहा." आणि पुढचं नाव घेतलं.

शालननंतर बारा नावं होती. रिबन टोचत होती, मागच्या पोरी कुजबुजत होत्या. उभी रत्ना, हे नाव गावाला किती सोपं जाईल, याचाही विचार करून झाला. तरी एक खरं. तीन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

नऊ नावं झाली आणि शाळेच्या फाटकाकडून रडणं ऐकू आलं. एकीचं नव्हे, दहा-बारा बायकांचं. आणि त्या सगळ्यांच्या वर एक आवाज, जो मी झोपेतही ओळखला असता. माझ्या आईचा.

काय झालं होतं, ते मला मागून कळलं. साडेअकराला पोस्टमन गणूतात्या तार घेऊन आमच्या घरी आला. आता आमच्या गावात तार म्हणजे काय, तर कुणीतरी गेलं. गलाईवाल्यांच्या गावाला दुसऱ्या कशाची तार कधी आलीच नव्हती. त्यामुळे गणूतात्याचीही एक पद्धत होती. तार द्यायच्या आधी तो टोपी काढायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, फक्त मोहित्यांच्या, म्हणजे आमच्या घरची तार, एवढं तालुक्याच्या पोस्टमास्तरानं सांगितलेलं. घरी कुणी नव्हतं म्हणून तो आमच्या रानात गेला, बांधावर उभा राहिला आणि टोपी काढली. आईनं विळा तिथंच टाकला आणि हंबरडा फोडला. अप्पा, म्हणजे माझे वडील, उघड म्हणत होते, तर ही तारेला हात लावू देईना. उघडली की खरं होईल म्हणाली. आणि उघडून वाचणार कोण? इंग्रजी जाणणारी माणसं गावात एकाच ठिकाणी, शाळेत. म्हणून सगळे शाळेकडं निघाले. वाटेत जिची जिची माणसं बाहेर होती ती प्रत्येक बाई सामील झाली. आज हिच्यावर आलंय, उद्या आपल्यावर, म्हणून जी ती आपापल्या माणसाच्या नावानं रडत होती.

ही सगळी वरात हॉलमध्ये शिरली. पुढं आई, पदर डोक्यावरून घसरलेला, मागं अप्पा, त्यांच्या मागं टोपी हातात धरलेला गणूतात्या. आईनं मला उभी बघितलं आणि तिला वाटलं, पोरीला आधीच कळलंय. तिनं येऊन माझ्या गळ्यात पडून सूर लावला. "माझा गुणाचा भाऊ गं रत्ने. कधी उलट बोलला न्हाई गं. कधी भाऊबीज चुकवली न्हाई गं."

सकाळी वेणी घालताना मी काय काय ऐकलं होतं, ते विसरून मीही हुंदके द्यायला लागले. माझा बंडामामा गेला. खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा मामा. मला वाटलं, मी शालनशी वागले त्याचीच ही शिक्षा.

बाई पुढं आल्या. इंग्रजी त्याच शिकवायच्या. त्यांनी गणूतात्याच्या हातून तार घेतली, कडेनं फाडली आणि वाचली. मग चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा वाचली. आईनं श्वास धरला होता. सगळ्या बायकांनी धरला होता.

"गणूतात्या, ही तार कुणाच्या नावानं आहे?"

"मोहित्यांच्या घरची, बाई."

"यावर रत्नप्रभाचं नाव आहे. आणि ही मदुरैहून आलीय."

आईचं रडं मधेच तुटलं. "मदुरैहून? बंडू मदुरैला कशापायी गेला?"

बाईंनी तिला हातानं थांबवलं. त्या टेबलामागं परत गेल्या, पट पुढं ओढला, आणि तार त्याच्या शेजारी सपाट धरून मराठीत वाचली, हजेरी घ्यायच्याच सुरात.

"शालन निकम हजर. रत्ना, खाली बस."

आधी कुणाला काही उमगलं नाही. मग हिंदुराव उठून उभा राहिला, मग सदा लोहार, मग सगळा वर्ग, आणि जो गलका झाला तो शेजारच्या वाडीत ऐकू गेला असेल. मी मात्र उभीच होते. शिवरात्रीचा दुसरा दिवस, बारा वाजता, हे तिकडं मदुरैतही ती विसरली नव्हती. माझ्याकडे तिची खबर नसणार, हे तिला ठाऊक होतं. मी उठणार आणि उभीच राहणार, हेही ठाऊक होतं. तारेत माणूस शब्द मोजून लिहितो. तिनं त्यातले निम्मे माझ्यासाठी ठेवले होते. मला इतकं रडू आलं की आई घाबरली आणि म्हणाली, काय झालं ते मला कुणी सांगेल का?

बाईंनी दौतीत पेन बुडवलं. क्षणभर थांबल्या. तारेनं दिलेली हजेरी लावायची का, हा प्रश्न शाळेत आजवर कुणाला पडला नव्हता. मागं हेडमास्तर बसले होते, बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, हजर म्हणतेय ना पोरगी, मग लावा की. बाईंनी शालनच्या नावापुढं खूण केली, शाई टिपली आणि वर बघितलं.

"रत्नप्रभा, ऐकलं नाहीस का? खाली बस."

मी बसले. कांतानं माझा हात धरला. उरलेली तीन नावं बाईंनी घेतली, पण ती कुणाला ऐकू गेली नाहीत.

इकडं अप्पा आईला समजावत होते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग डोळे पुसले, पदर सावरला आणि विचारलं, "म्हणजे बंडूला काय झालं न्हाई?"

अप्पा म्हणाले, नाही, ठणठणीत असेल.

"मग मेला जत्रंला का आला न्हाई?"

हॉल असा हसला की गणूतात्यानं टोपी परत डोक्यावर घातली आणि तोही हसायला लागला. रडत आलेल्या बाया परत थोड्याच जाणार? त्या बसल्या. हेडमास्तरांनी परातीवरचा कागद काढला. लाडू दहावीच्या वर्गापुरते होते, ते सगळ्या गावात वाटले. आम्हाला अर्धा अर्धा आला. तसा लाडू मी पुन्हा खाल्ला नाही.

शेजारच्या गावचा एक गलाईवाला दोन दिवसांनी मदुरैला परतणार होता. निकम मदुरैलाच आहेत कळल्यावर त्याला चटकन आठवलं, म्हणाला, आमच्याच गल्लीच्या तोंडाला दुकान आहे की त्यांचं. जत्रेत मी त्यालाही विचारलं होतं, पण तेव्हा तो पाळण्यात बसला होता आणि मी त्याच्याकडे खालून ओरडून विचारलं होतं. असो. मी त्याच्याबरोबर पुडकं दिलं. माझंच जुनं आठवीचं मराठीचं पुस्तक, नववीचं, आणि चालू दहावीचंही. दहावीचं पुस्तक परीक्षा तोंडावर असताना दिलं म्हणून अप्पा ओरडले, मग मी हिंदुरावचं वाचून परीक्षा दिली. त्याचं पुस्तक कोरंच होतं. वर सोळा पानांचं पत्र. त्यात पोटदुखीपासून पेढ्यांपर्यंत सगळं लिहिलं, काही लपवलं नाही.

उत्तर परीक्षा संपल्यावर आलं. हे सगळं चौऱ्याऐंशी सालचं. तार आणि ते पत्र दोन्ही अजून माझ्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली आहेत. पत्रात शालननं माझ्या सोळा पानांतल्या कबुलीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की आता तमिळ येते, गणितात इथंही पहिलीच असते, तू जळ. बंडामामासाठी तुझ्या आईनं रडून घेतलं ते कळलं, मी हसून हसून खाली पडले, तिची माफी माग. आठवीच्या पुस्तकावर शाई सांडलीय, नवं घ्यायला काय झालं होतं? आणि शेवटी लिहिलं होतं, 'या पत्राचं उत्तर आलं नाही तर पुन्हा तार करीन आणि या वेळी उभी राहा म्हणून करीन.'

मी त्याच दुपारी पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं आणि उंबऱ्यावर बसून लिहायला घेतलं.